खालच्या ओळीचा मान

हातखंब्यापासून हेदवीपर्यंत कुठेही कॉम्प्युटर अडला की लोक मला फोन करतात, असं मी सांगत असतो. खरं बघायला गेलं तर लांज्याचे दोन काजूवाले, रत्नागिरीतला एक रंगाचा दुकानदार आणि आमच्या नाचणे गावातली एक पिठाची गिरणी, जिथे कॉम्प्युटर का आहे हे गिरणीवाल्यालाही माहीत नाही. पण हे चौघे मिळून चाळीस जणांएवढे फोन करतात, त्यामुळे माझं म्हणणं फार चुकत नाही. मी खोटं बोलत नाही. घडलेल्या गोष्टीला ऐसपैस बसायला थोडी जागा करून देतो, इतकंच.

ही गोष्ट मात्र मी जागा न वाढवता लिहिणार आहे. ज्यांच्यामुळे ती घडली त्या माझ्या वहिनी हे वाचणार आहेत, आणि चुकीच्या शब्दाखाली रेघ मारायची त्यांना जन्माची सवय आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा बोटीवर असतो. आठ महिने पाण्यात, चार महिने घरी, आणि घरी असला तरी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वारा कुठून येतोय ते बघणार. वहिनी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. मिनिटाला मराठी चाळीस शब्द, इंग्रजी साठ. ते सुद्धा कळांकडे न बघता. त्यांचा क्लास चालू असताना रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला पत्र्यावर गारा पडतायत असं वाटायचं. एकदा एक पाहुणे खरंच छत्री उघडून गेले. पुढे टायपिंग शिकायला येणारी पोरं आटत गेली, एक दिवस क्लासच बंद झाला, आणि वहिनी चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रोग्राम लिहायला शिकल्या.

शिकवलं मी. पहिले तीन आठवडे तर नक्कीच. चौथ्या आठवड्यापासून त्या असे काही प्रश्न विचारायला लागल्या की मला त्याच क्षणी दूध आणायला जायची आठवण व्हायची. त्या महिन्यात आमच्याकडे दूध इतकं झालं की शेजारच्या मांजरांनी कंटाळून येणं सोडलं.

दोन वर्षांत वहिनी तयार झाल्या. फेब्रुवारीत पुण्याच्या एका कंपनीने त्यांना बोलावणं धाडलं. काम घरूनच करायचं होतं, नाचण्यातल्या घरात, ओटीवरच्या टेबलाशी बसून. फक्त एक परीक्षा होती. शुक्रवारी चार वाजता कंपनीची दोन माणसं व्हिडिओवर येणार, एक बिघडलेला प्रोग्राम देणार, आणि तासाभरात वहिनींनी तो त्यांच्या डोळ्यांदेखत नीट करायचा.

यात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. दादाने बोटीवरूनच मुंबईत एका ओळखीच्या ऑफिसात वहिनींसाठी शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिकडे हो म्हटलं की जूनपासून मुंबईत खोली, मुलीची आठवीची शाळा तिकडे, आणि इकडचं घर बंद. दादाचं काही चुकत नव्हतं, समुद्रावरून त्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यात तो बरोबर होता. वहिनींना जायचं नव्हतं. तसं त्या बोलल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत थांबा." पण त्या आठवड्यात त्यांनी परसातली सगळी अळूची पानं खुडून फतफतं केलं, आणि माणूस असा अळवावर तुटून पडला की त्याच्या मनात काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आता एडिटरचं. प्रोग्राम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. टायपिस्टला टाइपरायटर तसा प्रोग्राम लिहिणाऱ्याला एडिटर. त्यात बऱ्याच आज्ञा असतात. दोन-तीन कळा एकत्र दाबल्या की एक काम होतं. वहिनींनी या आज्ञा एका दोनशेपानी वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतल्या होत्या आणि रोज सकाळी तासभर नुसत्या आज्ञांची तालीम केली होती. माऊसला त्या हात लावत नसत. "माऊसकडे हात गेला की लय मोडते, भावजी," असं म्हणायच्या. वर्षभरात आज्ञा त्यांच्या डोक्यातून उतरून बोटांत गेल्या. कंट्रोल आणि डी दाबलं की ज्या शब्दावर आपण आहोत तोच शब्द पुढे जिथे जिथे असेल तिथे एकेक करत धरला जातो, म्हणजे सगळीकडे एकदम बदलता येतो. ही त्यांची सगळ्यात लाडकी. सांगायला गेलं तर त्यांना पटकन आठवायची नाही, पण बोटं न विचारता जायची. म्हणून तर बोटांच्या जोरावर त्या मोठमोठ्या शिकलेल्या पोरांना मागे टाकत होत्या. आणि म्हणूनच त्या शुक्रवारी आमची पळापळ झाली.

कंपनीच्या मेलमध्ये एक अट होती. परीक्षेआधी एडिटरमध्ये अमुक एक प्लगिन बसवून ठेवा. प्लगिन म्हणजे एडिटरला वरून जोडायचा भाग. त्याने पुण्याच्या माणसांना वहिनींचा प्रोग्राम दिसणार होता आणि त्यात त्यांनाही लिहिता येणार होतं. वहिनी मुलीला शाळेत सोडून बाजारात जायच्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही या आरामात. मी बसवून ठेवतो."

प्लगिन बसताना प्रश्न विचारतं. मी आजवर एकाही प्रश्नाचा शेवट वाचलेला नाही. खाली 'होय' दिसलं की मी दाबतो. मी दिलेल्या होकारांवर परदेशात किमान तीन इमारती उभ्या राहिल्या असतील, त्यांतल्या एकीला लिफ्टही असेल. त्या सकाळी प्लगिनने पाच प्रश्न विचारले. मी पाचदा होय दिला. पाचवा होय देऊन झाल्यावर, खिडकी मिटता मिटता, माझ्या डोळ्यांनी तो प्रश्न वाचला. आमच्या आज्ञा लागू करायच्या का, तुमच्या काही जुन्या आज्ञा बदलतील, असं काहीसं होतं. खिडकी मिटली. मी म्हटलं, काही म्हणजे किती, आणि चहा घ्यायला आत गेलो.

काही म्हणजे अकरा होत्या.

जेवणं झाल्यावर दीडच्या सुमारास वहिनी हात मोकळे करायला बसल्या. मी ओटीवर पेपर वाचत होतो. गारा सुरू झाल्या. मग एकदम थांबल्या.

"भावजी."

"काय हो?"

"माझी ओळ गेली."

"कुठे गेली?"

"ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला हाक मारली असती? कंट्रोल-डी दाबलं, ओळ गेली. परत दाबलं, खालची गेली."

मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पुन्हा दाबून दाखवलं. आणखी एक ओळ नाहीशी झाली. नव्या प्लगिनच्या हिशेबी कंट्रोल-डी म्हणजे ओळ पुसून टाक. वहिनींच्या बोटांना हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या चांगल्या दहा ओळींच्या प्रोग्राममधला शब्द धरायला गेल्या आणि त्याच्या सात ओळी उरल्या. मी मागे हे लोकांना सांगताना तीस ओळी गेल्या असं सांगायचो. तीनच गेल्या.

"अपडेट आलं असेल," मी म्हटलं.

"आजच?"

"ती अशीच येतात. न सांगता."

"मग हे बघा." त्यांनी वही उघडली आणि एकेक आज्ञा दाबत गेल्या. अकरा बदललेल्या निघाल्या. फाईल उघडायची आज्ञा भलतंच काहीतरी शोधत होती. ओळ वर सरकवायची आज्ञा पडदा दोन भागांत कापत होती. वहिनींनी अकरा आज्ञांपुढे पेन्सिलीने फुल्या केल्या. त्यांचा आवाज चढला नाही. पण त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

"चार वाजता माझी बोटं हेच करणार," त्या म्हणाल्या. "मी कितीही ठरवलं तरी. अडीच तासांत बोटं बदलत नाहीत. पंचवीस वर्षं शिकवलंय, मला विचारा."

त्यांना विचारायची मला गरज नव्हती. मी दुसरी खुर्ची ओढून पुढे बसलो.

पहिला उपाय सगळ्यांना सुचेल तोच. प्लगिन काढून टाकलं. सगळ्या आज्ञा जागच्या जागी आल्या. वहिनींनी कंट्रोल-डी दाबलं, शब्द धरले गेले. मी म्हटलं, "झालं! हाताला गुण असावा लागतो." पण प्लगिन तर कंपनीला हवं होतं, म्हणून पुन्हा बसवलं. मी या वेळी प्रत्येक प्रश्न वाचायचा असं ठरवून चष्मा लावून बसलो. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. सकाळचा माझा होय त्याने कुठेतरी लिहून ठेवला होता. आज्ञा परत बिघडल्या. जगात माझा शब्द इतक्या मानाने कोणी पाळला नसेल.

"याने विचारलं का नाही?" वहिनी म्हणाल्या.

"नवीन पद्धत असेल."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

दुसरा उपाय म्हणून मी एडिटरमधली सगळ्या आज्ञांची यादी उघडली. भली लांब यादी. वर एडिटरच्या मूळच्या आज्ञा, खाली प्लगिनने आणलेल्या. मला प्लगिनच्या ओळी सापडल्या. कंट्रोल-डी, ओळ पूस. मी ती ओळ धरली आणि खोडायला गेलो. खोडली जाईना. ती यादी नुसती बघायची होती, तिच्यात हात घालता येत नव्हता. मी एडिटर बंद करून उघडला. कॉम्प्युटर बंद करून उघडला. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला हलकेच दोन चापट्या मारल्या. हा उपाय लांज्याच्या काजूवाल्याकडे एकदा लागू पडलेला आहे. इथे नाही पडला. पावणेतीन वाजले होते, आणि मी या विषयातला तज्ज्ञ म्हणून खिडकीतून बाहेर आंब्याकडे बघत होतो.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. वहिनींचे वडील. त्यांचं गाव लांज्याच्या आत, डोंगराकडे. शिमगा तीन आठवड्यांवर आला होता. गावच्या पालखीचे मानकरी ते, आणि मानाची यादीही त्यांच्याकडे. पालखी सहाणेवर, म्हणजे तिला टेकवायच्या चौथऱ्यावर, आली की कोणत्या घराने पहिला नारळ द्यायचा, पहिला खांदा कुणाचा, निशाण कोणी धरायचं, ते त्या यादीत असतं. दरवर्षी ती यादी वहिनी टाइप करून देतात. वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्यांना कमी ऐकू येतं असं धरून बोलतात. फोन स्पीकरवर नव्हता, पण मला पाच हातांवरून लख्ख ऐकू येत होतं.

"बाय, यादी झाली काय गो?"

"बाबा, मी जरा कामात आहे. उद्या करते."

"उद्या कर, पन एक वळ वाडवायची हाय, ती आत्ता लिवून घे. मी इसरेन."

वहिनींनी पेन्सिल उचलली. "सांगा."

"पयल्या खांद्याचा मान. तीन वर्सामागं आपन त्या खालच्या वाडीतल्या घराला दिलता का नाय? त्यांच्याकडं यंदा सुतक हाय. तर त्यांचा यंदा नाय."

"मग त्यांचं नाव खोडू?"

"आगं खोडतेस काय! कुनाचा नाव खोडायचा नाय. सुतक काय जन्माचा असतो? खोडलंस तर पोरं भांडत येतील माज्या दारात. त्यांचा नाव हाय तिथं राहूंदे. यादीच्या खाली वळ घाल. पयला खांदा, ह्यांच्याकडं यंदा नाय."

"बरं. आणि वरच्या जुन्या घराचं नाव परत खाली घालू?"

"कशाला? ते वर हायेत ना. गुरव यादी खालनं वर वाचतो. खालची वळ वाचली, ह्यांच्याकडं नाय. म्हंजी वर जावा. वर जुना घर हाय, ते उठून येतील खांद्याला. त्यांना बोलवायचा कशाला? ते तितंच उभे असतात."

"बरं बाबा."

"आनी काय गो, तुजी ती परीक्षा कदी हाय?"

"आज. चारला."

"मंग फोन कशाला उचललास? ठेव!" आणि त्यांनीच ठेवला.

वहिनींनी ओळ लिहिली. पेन्सिल खाली ठेवली नाही. लिहिलेल्या ओळीकडे बघत राहिल्या, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे.

"भावजी, ही तुमची यादी वाचतात कशी? वरून खाली का खालून वर?"

सांगतो, आयुष्यात मला पहिल्यांदाच दूध आणायला जावंसं वाटलं नाही. हे मला माहीत होतं. खालून वर. जी आज्ञा यादीत नंतर आली ती आधी बघितली जाते. म्हणून तर नंतर आलेलं प्लगिन मूळच्या आज्ञांच्या वरचढ झालं होतं.

"खालून वर," मी म्हटलं.

"मग प्लगिनच्याही खाली कोण लिहू शकतं?"

"आपण. आपली स्वतःची एक फाईल असते. यादीत सगळ्यात खाली येते ती. म्हणजे वाचली जाते सगळ्यात आधी."

"उघडा."

उघडली. रिकामी होती. एक चौकोनी कंस उघडलेला, एक बंद केलेला, मधे काही नाही. दोन वर्षं एडिटर वापरला, आणि तो रोज आमच्यासाठी शेवटची जागा मोकळी ठेवून बसला होता, हे आमच्यातल्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता 'ह्यांच्याकडे यंदा नाही' हे त्याला कळेल असं कसं लिहायचं?" वहिनींनी विचारलं.

हे मात्र मला माहीत नव्हतं. पण शोधायची जागा माहीत होती. एडिटरच्या मदतीच्या पानांवर मी बोट फिरवत गेलो आणि पाच मिनिटांत सापडलं. कळ लिहायची, आणि तिच्यापुढे ज्या आज्ञेला काढायचं तिचं नाव लिहायचं. नावाच्या आधी वजाची खूण. झालं. त्या आज्ञेकडे ही कळ आता नाही, असा त्याचा अर्थ.

वहिनींनी लिहिलं. कंट्रोल-डी, वजा, प्लगिनची ओळ पुसायची आज्ञा. मी म्हटलं, "आता खाली एडिटरची जुनी आज्ञाही लिहून टाका, म्हणजे पक्कं."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "ती तिथेच उभी आहे."

फाईल साठवली. चाचणीच्या पानावर गेल्या. कंट्रोल-डी. शब्द धरला गेला. परत दाबलं, पुढचा धरला गेला. एकही ओळ हलली नाही. वहिनींनी एकदा मान हलवली. विद्यार्थ्याने पान बिनचूक केलं की क्लासमध्ये हलवायच्या तशी. मी तर उठून ओटीभर दोन फेऱ्या मारल्या.

मग कामाला लागलो. त्या वहीतून फुली केलेली आज्ञा वाचायच्या, मी मोठ्या यादीत प्लगिनने त्या कळेवर काय बसवलंय ते शोधून नाव सांगायचो, त्या टाइप करायच्या आणि लगेच दाबून बघायच्या. एक ओळ, एक तपास. काही नावं एवढी लांब होती की मी सांगून संपेपर्यंत त्यांचं टाइप होऊन गेलेलं असायचं. वाटेत एक स्वल्पविराम राहिला म्हणून अख्खी फाईल लाल झाली आणि मी हाय खाल्ली, पण वहिनींनी स्वल्पविराम घातला आणि पुढच्या ओळीवर गेल्या. साडेतीनला सात झाल्या होत्या. पावणेचारला दहा. वहिनी उठल्या, तोंड धुतलं, साडी बदलली, टेबलामागच्या भिंतीवरचं औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर काढून ठेवलं, आणि येऊन बसल्या तेव्हा चारला तीन मिनिटं होती.

अकरावी फुली वहीच्या पुढच्या पानावर होती. पान आम्ही दोघांनीही उलटलं नाही.

मी आत माजघरात गेलो. ओटीवर वहिनी एकट्याच हव्या होत्या, तशी अटच होती. दाराला कान लावून उभं राहू नये अशी अट नव्हती.

कंपनीकडून एक बाई आणि एक पुरुष होते. बाई शांत होत्या. पुरुष जरा घाईतले वाटले, प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करायचे. प्रोग्राम दिला, चूक कुठे असेल ते शोधा म्हणाले. गारा सुरू झाल्या. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. ऐकून मला कळत होतं की हात बसलाय. एकदा ते पुरुष म्हणाले, "तुम्ही माऊस वापरत नाही का?" वहिनी म्हणाल्या, "घरात आहे एक." गारा चालूच.

मग थांबल्या.

मागच्या दाराने हेदवीपर्यंत चालत जायचं माझ्या मनात आलं, तिथल्या दशभुज गणपतीपुढे बसायचं आणि मुलीची आठवी संपल्यावरच परत यायचं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिट द्या," वहिनी म्हणाल्या. आवाज साधा, भाजी निवडताना असतो तसा. "ओळी तात्पुरत्या बंद करायची आज्ञा दाबली तर तुमच्या प्लगिनने गप्पांची खिडकी उघडली. एक मान चुकून दुसऱ्या घरात राहून गेलाय. काढून घेते."

"काय राहून गेलाय?" पुरुषाने घसा साफ केला.

टकटक ऐकू आली. वहिनींनी त्यांच्यासमोरच ती फाईल उघडली असणार. दहा ओळी, प्रत्येकीत एक वजा. अकरावी आता त्यांच्या डोळ्यांदेखत लिहीत होत्या.

"तुम्ही प्लगिन काढून पुन्हा का नाही बसवलं?"

"बसवलं. त्याने आधीचा होय लक्षात ठेवलाय."

"मग आमच्या आज्ञा काढून तुमच्या जुन्या परत लिहायच्या. हे फक्त वजा कसं चालतं?"

"जुन्या वर आहेतच," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गावात मानाची यादी असते." आणि त्यांनी पुण्याच्या दोघांना पालखी, पहिला खांदा, सुतक, खालून वर वाचणारा गुरव, सगळं दीड मिनिटात सांगितलं. मी असतो तर तासभर लागला असता आणि गुरव हत्तीवरून आला असता. सांगता सांगता त्यांनी ओळ साठवली, कळ दाबली, आणि पुढे लिहायला लागल्या.

मग त्या पुरुषाने विचारलं, "पण मुळात आमच्या आज्ञांना तुम्ही होय का दिलंत?"

दाराच्या फळीला मी एवढा चिकटलो होतो की उद्या कोणी दार काढायला आलं असतं तर मला धरूनच न्यावं लागलं असतं.

"मी नाही दिलं," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे एक जण आहेत. ते सगळ्यालाच होय देतात."

बाई मोठ्याने हसल्या. "आमच्याकडेही आहेत," म्हणाल्या. पुरुषाने घसा साफ केला.

पाच वाजून गेले तेव्हा वहिनी आत आल्या. चूक सापडली होती, नीट झाली होती, सात मिनिटं शिल्लक होती. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भावजी, कान दुखत असेल. तेल देऊ कोमट करून?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"दीड वाजता. खुर्चीवर बसले तर पाय टेकले नाहीत. अपडेट आलं म्हणून खुर्ची उंच होत नाही. माझी खुर्ची वर करून बसणारं घरात एकच माणूस आहे."

"मग तेव्हाच बोलायचं."

"बोलले असते तर तुम्ही आधी तास-अर्धा तास शपथा घेतल्या असत्या. मला चारच्या आत काम करून हवं होतं." त्यांनी साखर घातली. माझ्या कपात एक चमचा जास्त. "आणि ती मदतीची पानं तुम्हीच शोधलीत. ते खरं आहे."

सोमवारी साडेअकराला मेल आला. काम वहिनींना मिळालं होतं. घरून, एक एप्रिलपासून. दुपारी दादाचा फोन लागला, आवाज मधेच तुटत होता. वहिनी म्हणाल्या, "मिळालं. तिकडे नाही कळवा." तिकडून दादाने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर वहिनी परसात गेल्या आणि अळवाच्या उघड्या बोडक्या देठांना अर्धी बादली पाणी घालून आल्या.

शिमग्याला आम्ही सगळे त्यांच्या माहेरी गेलो. सहाणेवर गुरवाने यादी खालून वर वाचली. खालची ओळ आली, यंदा ह्यांच्याकडे नाही. जुन्या घरातली दोन माणसं गर्दीतून पुढे येऊन खांद्याला लागली. खालच्या वाडीतली माणसं बाजूला हात जोडून उभी होती, आणि त्यांचं नाव यादीत होतं तिथेच होतं.

मी ही गोष्ट मारुती मंदिराजवळच्या चहावाल्याकडे सांगायला लागलो. सुरुवातीला अकरा आज्ञा होत्या. आठवड्याभरात चाळीस झाल्या. महिन्याभरात मी वहिनींची कसोटी बघायला मुद्दाम होय दाबलं होतं, आणि परीक्षा संपल्यावर कंपनीच्या मालकाने मला स्वतः फोन करून असा गुरू मिळायला भाग्य लागतं असं म्हटलं होतं. हे वहिनींच्या कानावर गेलं असणार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मला त्यांच्या वहीतली कसलीशी आज्ञा बघायची होती, म्हणून मी ती उघडली. वहीच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात वर, जुनी ओळ होती. मी शिकवायला लागलो त्या आठवड्यातली, शाई जरा फिकी झालेली: 'नवीन काही बसवायचं असेल तर भावजींना विचारणे.' तिच्यावर रेघ मारलेली नव्हती. पानाच्या तळाशी, ताज्या शाईत, तितक्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं:

'माझ्या कॉम्प्युटरवर काही बसवण्याचा मान: भावजी, यंदा ह्यांच्याकडे नाही.'

त्यातल्या 'यंदा'वर मी भिस्त ठेवून राहिलो. त्यानंतर पुढचा शिमगा आला आणि गेला. खालच्या वाडीतल्या घराचं सुतक फिटलं, वहिनींनी ती ओळ यादीतून काढली, आणि पहिला खांदा परत त्या घराकडे गेला. मी घरी आल्यावर वहिनी दुकानात गेल्याचं बघून ओटीवर गेलो, खुर्ची अजिबात न हलवता उभ्यानेच वही उघडली आणि शेवटचं पान काढलं.

ओळ होती तिथेच होती. फक्त अक्षरं शाईने पुन्हा एकदा गिरवली होती.